ढील

मंगळवारी सकाळी साडेसहाला मी संडासात नळाला धरून उकिडवा बसलो होतो आणि मला उठता येत नव्हतं.

दांडिया बाजारातलं आमचं घर आजोबांच्या काळचं. त्यात संडासही त्याच काळचा, देशी. गुडघ्याच्या वर चार बोटांवर, दोन्ही मांड्यांत, कुणीतरी ओली वाळू भरून टाके घातले असावेत तसं झालं होतं. उठायचा जोर लावला की त्या जागा अशा काही ओढत की पुन्हा खाली. शेवटी भिंतीतल्या पितळी नळाला दोन्ही हातांनी लटकून मी वर आलो. नळ ‘कर्र’ असा वाजला आणि त्या दिवसापासून गळतोय. बाहेरून आईचा आवाज आला, “अरे, आत झोपलास की काय?”

झालं होतं असं की आदल्या रविवारी आम्ही ऑफिसातले सहा जण पावागडला गेलो होतो. बडोद्याहून पन्नासेक किलोमीटर. वर्षातून एकदा कालिकामातेला जायचं हे आमच्या घरी ठरलेलंच, पण आम्ही घरचे सगळे नेहमी माचीपर्यंत गाडीने आणि पुढे उडन खटोल्याने, म्हणजे रोपवेने, जाणारे. या वेळी ऑफिसातल्या दोन तरुण पोरांनी पैज मारली की पायऱ्यांनीच जायचं. मी 51 वर्षांचा, अकाउंट्सचा माणूस. दिवसातली सगळ्यात लांब चाल म्हणजे टेबलापासून चहाच्या टपरीपर्यंत. तरी म्हटलं, चला.

चढताना माझी जी अवस्था झाली ती सगळ्यांनी पाहिली. दोनेक हजार पायऱ्या. तीन ठिकाणी बसलो, दोनदा लिंबूपाणी प्यायलो, एकदा एका आजीबाईंनी मला ओलांडताना “धीमे धीमे, बेटा” म्हटलं, तेही ऐकून घेतलं. मांड्या पेटल्या होत्या, छातीचा भाता झाला होता. वर पोचलो, दर्शन झालं, दूधिया तलावाच्या काठाशी बसून काकडी खाल्ली. खाली यायला उडन खटोल्याची रांग बघितली तर तास-दीड तासाची. मीच म्हटलं, उतरायला काय लागतं?

आणि खरंच काही लागलं नाही. धाप नाही, घाम नाही, मांड्यांची आग नाही. शाळकरी पोरासारखा पायऱ्या टकाटक उतरत होतो, तरुण पोरांना मागे टाकत होतो. माचीला पोचलो तेव्हा एकच गोष्ट जरा वेगळी वाटली: उभा राहिलो की गुडघे आपोआप थरथरत होते, सुरू असलेल्या जुन्या स्कूटरसारखे. दुखत मात्र काहीच नव्हतं. परतताना सेव-उसळ खाल्ली, घरी येऊन बायकोसमोर फुशारकी मारली, झोपलो. सोमवारी पाय जरा आखडल्यासारखे वाटले. ऑफिसात जिना चढताना “हं, व्यायाम झालाय” असं वाटून बरंच वाटलं. आणि मंगळवारी नळ.

मार रविवारी आणि वळ मंगळवारी. हाच उशीर मला खटकत होता. बोट दारात सापडलं तर लगेच ठणकतं, दोन दिवसांनी नाही. मग हे काय होतं?

ऑफिसात पोचलो तोवर सगळ्यांकडे उत्तर तयार होतं. पैज मारणारा पोरगा जिमला जातो, तो म्हणाला, “सर, लॅक्टिक ॲसिड साचलं. लिंबूपाणी प्या.” ॲसिडवर लिंबाचा उतारा, हे ऐकून मी तशाही स्थितीत हसलो, हसायला निदान मांड्या लागत नाहीत. शिपायाने सांगितलं, वारा भरला. साहेबांनी सांगितलं, पाणी कमी प्यायलात. आमच्या ऑफिसला लिफ्ट नाही. दुपारी मी जिना उलटा उतरलो, म्हणजे तोंड भिंतीकडे, पाठ रस्त्याकडे, कठड्याला धरून, लहान मूल पलंगावरून उतरतं तसा. चढताना तितकं काही वाटत नव्हतं. उतरताना प्रत्येक पायरीला डोळ्यांपुढे पावागड.

घरी आईने निदान एका शब्दात केलं: “अंग आंबलंय तुझं.” तिळाचं तेल कोमट करून दिलं, गरम पाण्यात मीठ घालून दिलं, वर हळद-दूध.

आंबलंय. या शब्दापाशी मी थांबलो. जिमवाला पोरगा इंग्रजीतून जे म्हणत होता तेच आई मराठीतून म्हणत होती. आपल्या भाषेत दमलेलं अंग आंबतं, पिठासारखं, दह्यासारखं. आणि लॅक्टिक ॲसिड म्हणजे तरी काय, दह्याच्या आंबटपणाचंच आम्ल. पुतणी फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सुभानपुऱ्याला दादा-वहिनींकडे राहते. रात्री तिला फोन लावला आणि मोठ्या उत्साहाने ही माझी व्युत्पत्ती ऐकवली.

ती म्हणाली, “काका, आधी सांग, लघवीचा रंग कसा आहे?”

फोन स्पीकरवर होता. आई समोर वाती वळत बसली होती. मी म्हटलं, अगं काय विचारतेस! पण तिने सोडलं नाही. न सोसलेल्या व्यायामाने कधीकधी स्नायू इतके फुटतात की त्यातला मायोग्लोबिन नावाचा पदार्थ रक्तात उतरतो आणि किडनीला त्रास होतो. मग लघवी कोकाकोलाच्या किंवा काळ्या चहाच्या रंगाची होते, पाय सुजून टणक होतात, जोरच जातो. तसं असेल तर तेल-मीठ करत न बसता सरळ दवाखाना. माझं तसं काही नव्हतं. आईने वाती वळता वळता माझ्यावतीने उत्तर दिलं, “रंग बरा आहे म्हणतोय.”

मग ती लॅक्टिकवर आली. 1780 साली स्वीडनच्या शेलेला ते आंबलेल्या दुधात सापडलं, पुढे त्याच देशातल्या बर्झेलियसला स्नायूंतही सापडलं. 1922 सालचं वैद्यकातलं नोबेल इंग्लंडच्या हिल आणि जर्मनीच्या मायरहोफ यांना मिळालं, त्यातही स्नायू, उष्णता, प्राणवायू आणि हेच आम्ल यांचा हिशेब होता. त्यांच्या कामात खोट नव्हती. पण लोकांनी त्यातलं आम्ल तेवढं लक्षात ठेवलं आणि पुढे प्रत्येक दुखण्याचं खापर त्याच्यावर फोडलं. प्रत्यक्षात जोराच्या व्यायामाने वाढलेलं लॅक्टिक तासाभरात जवळपास मूळ पातळीवर येतं. शरीर ते इंधन म्हणून वापरून टाकतं. “तू सेव-उसळ खात होतास ना, तेव्हाच ते संपलं होतं,” ती म्हणाली. “मंगळवारपर्यंत राहायला तुझ्या मांडीत काय विरजण लावलंय?”

आणि मग तिने जो प्रश्न विचारला तो खरा. “आग कधी होत होती? चढताना. मग चढण्याचे स्नायू दुखायला हवेत. तुझे दुखतायत कुठले?”

मी अंगठ्याने दाबत गेलो. नितंब, जिथे चढताना सगळ्यात जास्त दम निघाला होता, तिथे दाबलं तरी फारसं काही नाही. मांडीच्या पुढच्या बाजूला, गुडघ्याच्या जरा वर दाबलं आणि मी “आई गं” म्हणालो. आई म्हणाली, “काय?” पोटऱ्यांतही तेच. नुसतं बसून राहिलं तर काहीही नाही. हललं, ओढलं किंवा दाबलं की ठणका. ठेच लागल्यासारखं नाही, गोळा आल्यासारखं नाही, लचक भरल्यासारखं तर नाहीच. त्याची स्वतःचीच एक जात होती.

पुतणीचं म्हणणं, ही उतरण्याची जात. चढताना मांडीचा स्नायू आखडतो आणि अंग वर ढकलतो. उतरताना उलट. पुढचा पाय खालच्या पायरीवर जातो आणि मागचा पाय अख्ख्या देहाचा भार पेलत हळूहळू वाकत जातो. तेव्हा त्या मांडीचा स्नायू ताणलेलाही असतो आणि जोरही लावत असतो. सैल सोडला तर तोंडावर पडू. म्हणजे तो आखडायला बघतोय आणि भार त्याला लांब खेचतोय. या कामाला शक्ती कमी खर्च होते, म्हणून धाप लागत नाही, म्हणूनच माणूस फसतो. एवढंच वजन उचलायला जितके तंतू कामाला लागतात त्यापेक्षा सोडायला कमी तंतू लागतात, आणि मग त्या थोड्यांवर प्रत्येकी ताण जास्त. पावागडावरून धावत उतरताना माझे ते मूठभर तंतू अंगाचे 84 किलो दोन हजार वेळा सावरत होते.

हे कळायलाही काळ गेला आहे. अमेरिकेत थिओडोर हफ नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने 1902 सालीच, एका बोटाने स्प्रिंग ओढायला लावण्याच्या प्रयोगांवरून, लिहून ठेवलं होतं की दमल्याचं दुखणं वेगळं आणि दुसऱ्या दिवशीचं वेगळं. हे दुसरं स्नायूच्या आत काहीतरी फाटल्याचं असावं. 1981 साली स्वीडनमध्ये काही जणांना जिने उतरायला लावून (जिने! मी मनात त्यांना नमस्कार केला) त्यांच्या पोटरीच्या स्नायूचे बारीक तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. स्नायूचा तंतू म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या कप्प्यांची माळ, एकेक कप्पा मिलिमीटरच्या सुमारे चारशेव्या भागाएवढा. दोन कप्प्यांमध्ये एक रेघ असते, तिला झेड-रेषा म्हणतात. दुखणाऱ्यांच्या त्या रेघा जागोजागी विस्कटलेल्या, वाकलेल्या, फिसकटलेल्या. 1983 साली दुसऱ्या एका प्रयोगात काही लोक ट्रेडमिलच्या सपाट पट्ट्यावर धावले, काही उतारावर. सपाटवाल्यांच्या रक्तातलं लॅक्टिक वाढलं आणि त्यांना काही दुखलं नाही. उतारवाल्यांचं वाढलं नाही आणि दुखलं ते त्यांचंच.

“मग फाटलं रविवारी, दुखलं मंगळवारी का?” माझा मूळ प्रश्न मी सोडला नव्हता.

कारण फाटणं स्वतः दुखत नाही, ती म्हणाली. इतक्या बारीक मोडतोडीची बातमी लगेच मिळत नाही. नंतर साफसफाईला पेशी येतात, थोडी सूज येते, आणि दुरुस्तीच्या त्या गडबडीत काही रसायनं सुटतात, जी तिथल्या नसांची टोकं हळवी करून ठेवतात. मग एरवी जो दाब, जी ओढ जाणवलीही नसती ती ठणकते. हे सगळं जमायला दिवस-दोन दिवस लागतात. चोवीस ते बहात्तर तासांत कळस, मग आपोआप ओसरतं. मात्र दुखणं जास्त म्हणजे मोडतोड जास्त, असा सरळ हिशेब नाही, हेही तिने बजावलं. मी कशाला ऐकतोय. मला माझी मोडतोड भरपूरच वाटत होती.

उपायांवर ती निरुत्साही होती. स्ट्रेचिंगचा फरक पडतो तो नावापुरता, आधी करा नाहीतर नंतर. मालिशीने थोडं हलकं वाटतं, शेकाने बरं वाटतं, हलकं चालत राहिलं तर तेवढ्यापुरतं सुटतं. “म्हणजे आजीचं तेल चालू दे. बरा तू तसाही शुक्रवारपर्यंत होणारच.” झालोही. शुक्रवारी संडासातून हात न लावता उठलो.

पण मला ते पटूनही पटत नव्हतं. पुस्तकातलं पटतं तसं पटलं होतं. म्हटलं, एकदा मुद्दाम करून बघू. माझी योजना अशी की घराच्या ओट्यावर उजव्या पायाने चढायचं आणि डाव्याच्या जोरावर उतरायचं, मग बघू कुठला पाय बोलतो. पुतणीने ती हाणून पाडली. “मांड्यांवर आता काही दिसणार नाही, काका. त्या शहाण्या झाल्या. एकदा असा दणका बसला की पुढचे कित्येक आठवडे तेच काम त्यांना तितकं लागत नाही. हात घे. हात तुझे अजून अडाणी आहेत.”

म्हणून 12 जानेवारीच्या संध्याकाळी मी तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन पाण्याने भरून स्वयंपाकघरात उभा राहिलो. नियम असा: उजव्या हाताने, कोपर वाकवत, कॅन खांद्यापर्यंत उचलायचा. वर पोचला की डाव्या हातात द्यायचा. आणि डाव्याने पाच आकडे मोजत सावकाश खाली सोडायचा. पुन्हा उजव्याने वर. बारा वेळा, मग विसावा, असं सहा वेळा. उजव्याने फक्त उचललं, डाव्याने फक्त सोडलं. बायको भाकरी थापत होती, ती म्हणाली, “उचलायचंच असेल तर गव्हाचा डबा उचला, माळ्यावर जायचाय.”

संपलं तेव्हा दमलेला होता उजवा हात. दंडात आग, बोटं सैल. डावा एकदम ताजातवाना, म्हणाल तर अजून बहात्तर वेळा. पुतणीला कळवलं, तुझं शास्त्र हरलं. तिने नुसता उत्तरायणाच्या शुभेच्छांचा पतंग पाठवला.

13 तारखेला डावं कोपर जरा जड. 14 तारखेला उठलो तर डावा हात सरळच होईना. अर्धवट वाकलेल्या स्थितीत लटकत होता, खुंटीवरच्या हँगरसारखा. सरळ करायला गेलं की दंडाच्या खालच्या टोकाला, कोपराच्या खळगीच्या वर, तोच ओळखीचा ओल्या वाळूचा ठणका. बनियन घालताना बायकोची मदत घेतली. आणि उजवा? ज्याने बहात्तर वेळा उचललं होतं तो? त्याला काहीही झालं नव्हतं. काहीही. दाबून पाहिलं, पिळून पाहिलं. दोन्ही हात एकाच अंगाचे, एकच कॅन, एकच संध्याकाळ, एकच जेवण, तेवढंच पाणी प्यायलेले. वारा भरायचा तर दोघांत भरला असता.

पण तारीख 14 जानेवारी होती. बडोद्यात त्या दिवशी गच्चीवर हात सरळ न होणारा माणूस म्हणजे पंगतीत दात काढून आलेला. पुतणीने दिवस मुद्दाम तसा साधला होता असा माझा दाट संशय आहे, कारण ती सकाळी आठला फिरकी घेऊन हजर, आणि ती फिरकी तिने माझ्याच वाकड्या हातात अडकवली. “बघ, हात अगदी बरोबर मापाचा झालाय.”

दिवसभर फिरकी धरून उभा राहिलो, उंधियू-जिलेबी उजव्या हाताने खाल्ली. शेजारच्या गच्चीवरून “काप्यो छे!” चालूच होतं. पुतण्या पतंग उडवत होता, बोटांना पट्ट्या गुंडाळून. एका पेचात त्याने भराभर ढील दिली, दोरा बोटावरून सरसरत गेला आणि पट्टी सरकलेल्या जागी बोट कापलं. चोखत म्हणाला, “खेचताना नाही कापत एवढं, ढील देतानाच कापतं.”

मी आणि पुतणीने एकमेकांकडे पाहिलं. दोरा पूर्ण सोडला तर बोट कापत नाही, कारण धरलेलंच नसतं. घट्ट धरून खेचला तर दोरा बोटाबरोबर येतो. धरूनही ठेवायचं आणि जाऊही द्यायचं, तिथे कापतं.

वरच्या मजल्यावरचे अण्णा खुर्ची टाकून उन्हात बसले होते. ऐंशीच्या घरातले, तरुणपणी जुम्मादादा व्यायाममंदिरात मल्लखांब आणि जोर-बैठका केलेले. माझ्या हाताची गोष्ट त्यांनी शांतपणे ऐकली. झेड-रेषांच्या वेळी त्यांनी डोळे मिटले होते, झोपले असावेत असं वाटलं. मग म्हणाले, “बैठकीत दमछाक उठताना होते आणि मांडी भरते ती बसताना, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात कळायचं. म्हणून नव्या पोराला वस्ताद पहिल्या दिवशी पंधराच्या वर करू द्यायचे नाहीत. पोरगं म्हणायचं, मी शंभर मारतो. वस्ताद म्हणायचे, मार, पण परवा आखाड्यात येऊन दाखव.”

“आणि भरलीच तर?”

“तर परवा दहा मारायच्या. दुखत दुखत. मग कधी एवढी भरत नाही.”

पुतणी म्हणाली, “हेच. एकदा थोडं लागू द्यायचं म्हणजे पुढच्या वेळी लागत नाही.” तिला याचं लांबलचक इंग्रजी नावही ठाऊक होतं. शरीर हे नेमकं कसं करतं याची बरीच कारणं सांगतात, नसा काम वेगळं वाटून घेतात, तंतू नव्याने बांधले जातात, भोवतालचं आवरण घट्ट होतं. अण्णांना नावात रस नव्हता. त्यांनी मला पहिली तारीख दिली: उद्यापासून, पंधरा, आणि बसताना सावकाश.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी आम्ही पुन्हा पावागडला गेलो. या वेळी कुणी पैज मारली नव्हती, मीच सगळ्यांना नेलं. चढताना तशीच धाप, तीच आग, त्याच तीन जागी बसलो. लिंबूपाणीवाल्याने ओळखलं. उतरताना मात्र मी कठड्याच्या बाजूने, एकेक पायरी, पाय टेकवून उतरलो. टकाटक उतरणारी दोन पोरं माझ्या बाजूने गेली, “काका, साइड!” म्हणत. मी त्यांना बाजू दिली. मंगळवारी ती कुठे असतील ते मला माहीत होतं.

माझा मंगळवार असा गेला: मांड्या दाबल्यावर जाणवत होत्या, जिना उतरताना एखाद-दुसऱ्या पायरीला आठवण करून देत होत्या, बास. सकाळी साडेसहाला नळाकडे हात गेला तो सवयीने, आणि अर्ध्यावरून परत आला.

अण्णांनी आकडा आता पंचवीसवर नेलाय. नळ अजून गळतोच आहे. प्लंबर म्हणतो वॉशर नाही, आख्खा नळच मुळातून हललाय, भिंत फोडावी लागेल.